२०२४ चा पहिला नंबर

२०२४ मधल्या हेवी मेटल अल्बमांची माझी यादी डिसेंबर संपता संपता पक्की झाली आणि ती मी सगळ्यांत आधी सोनगीरच्या मामांपुढे ठेवली. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गाला लागून एक किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी अख्ख्या खान्देशात नावाजलेलं आहे. मामा तिथले तांबट. तरुणपणी ते मुंबईत पायधुणीच्या तांबा काट्यावर एका पेढीत कामाला होते. तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर धोबी तलावचं रंगभवन, आणि रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’. १९८६ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव म्हणजे त्या काळच्या मुंबईत आपल्याकडचे रॉक आणि मेटल बँड समोरासमोर ऐकण्याची हक्काची जागा. मामांना तिथे जी गोडी लागली ती कायमची. गावी परतताना त्यांच्या ट्रंकेत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेल्या कॅसेटी होत्या. माझं मेटलचं शिक्षण त्या कॅसेटींवर झालं. त्यामुळे या विषयात त्यांचं मत मला कुठल्याही मासिकाच्या यादीपेक्षा वजनदार वाटतं, आणि त्यांच्याशी वाद घालताना मी हातचं काही राखून ठेवत नाही.

यादीतले पहिले पाच असे होते : ब्लड इन्कँटेशनचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’, ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’, अल्सरेटचा ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’, जुडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ आणि बंगळुरूच्या क्रिप्टोसचा ‘डेसिमेटर’. मामा चौथ्या नावाला थांबले.

मामा : प्रीस्टले चौथा?

रागात मामा अहिराणीवर येतात. पुढचं बोलणं बरंचसं मराठीत झालं, तसंच इथे देतो.

मी : चौथा म्हणजे वाईट नव्हे, मामा. वर्षाला शेकड्यांनी अल्बम निघतात. त्यातून चौथा.

मामा : हे गिऱ्हाईकाची समजूत काढल्यासारखं झालं. वरचे तीन कशाच्या बळावर वर आहेत ते सांग. आधी कसोटी, मग नंबर.

मी : कसोटी एकच आहे. हा अल्बम निघाला नसता तर मेटलमध्ये एखादी गोष्ट व्हायची राहून गेली असती का? ब्लड इन्कँटेशनच्या बाबतीत माझं उत्तर ‘हो’ असं आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हरचे हे चौघे. वाजवतात डेथ मेटल, म्हणजे मेटलमधलाही खडबडीत, गुरगुरत्या आवाजाचा प्रकार. ते उठून बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. १९७७ मध्ये डेव्हिड बोवीने ‘हीरोज’ केला तो हाच स्टुडिओ. अल्बमभर रचना दोनच, ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’. प्रत्येकीचे तीन भाग, सगळं मिळून पाऊण तासाच्या आत. त्यातल्या एका भागात टँजरीन ड्रीम या जुन्या जर्मन गटाचा थॉर्स्टन क्वेशनिंग सिंथेसायझर घेऊन येतो. ड्रमचा भडिमार चालू असताना सगळं एकदम निवतं आणि लांब पसरलेला, तरंगता सूर उरतो. मग त्याच सुरातून पुन्हा भडिमार उगवतो. ही दोन टोकं याआधीही लोकांनी जवळ आणली होती, पण दोन्हींमधला सांधा ऐकू येऊ नये इतक्या सफाईने जोडलेली मी ऐकली नव्हती.

मामा : ऐकलाय मी. तू पाठवलास त्याच रात्री ऐकला, परवा परत ऐकला. पोरं हुशार आहेत, नाही म्हणत नाही. पण तुझी कसोटी नवेपणाची आहे, आणि नवेपणा वर्षभरात उतरतो. पुढच्या डिसेंबरला हाच अल्बम तुला जुना वाटेल, तेव्हा काय करशील? यादी बदलशील?

मी : नाही बदलणार. तेव्हा २०२५ ची यादी असेल.

मामा : मग ही यादी अल्बमची नाही, तुझ्या कुतूहलाची आहे. तसं वर लिही, माझी हरकत नाही.

मामांचं हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. वर्षाखेरीच्या याद्यांमध्ये खरंच कुतूहलाला गुणवत्तेचं नाव दिलेलं असतं. पण मामांची स्वतःची कसोटी काय, ते मला त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं.

मी : तुमची कसोटी सांगा.

मामा : मला हात ऐकू आला पाहिजे.

एवढं म्हणून त्यांनी समोरची घागर पुढे ओढली. मठारायची बाकी होती. ज्यांनी तांबटकाम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्रा ठोकून भांड्याचा आकार आला की तांबं मार खाऊन कडक झालेलं असतं. ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावं लागतं, नाहीतर पुढच्या ठोक्यांना तडकतं. असं ठोकणं आणि तापवणं आलटून पालटून चालतं. सगळ्यात शेवटी मठारणं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके घालत जायचं, एका ठोक्याची कड दुसऱ्याला भिडली पाहिजे, मध्ये जागा सुटता कामा नये. त्याने भांडं ताठ होतं आणि अंगावर ते चमकते पैलू येतात. आता बाजारात तांब्याच्या बाटल्यांची लाट आहे आणि त्यातल्या पुष्कळ बाटल्यांवर हे पैलू यंत्राने दाबून उमटवलेले असतात. मामांनी तसली एक बाटली आणि आपल्या हातची लोटी माझ्या दोन हातांत दिली. बाटलीवरचा प्रत्येक पैलू शेजारच्यासारखा तंतोतंत. लोटीवर एकही पैलू दुसऱ्यासारखा नव्हता, पण ओळ कुठेही वाकलेली नव्हती.

मामा : तुमच्या हल्लीच्या निम्म्या अल्बमांचे ड्रम या बाटलीसारखे आहेत. माणूस वाजवतो, मग संगणकावर प्रत्येक ठोका उचलून रेघेवर नेऊन ठेवतात. वर आवाजही बदलतात, एकच चांगला ठोका सगळीकडे चिकटवतात. वेग आहे, जोर आहे, पण माणूस कुठाय? आता प्रीस्ट लाव. तो स्कॉट ट्रॅव्हिस साठीच्या पुढचा माणूस. ‘पेनकिलर’च्या सुरुवातीला त्याने १९९० मध्ये जे वाजवलं ते आजही पोरं शिकतात. नव्या अल्बममध्ये तो तितका धावत नाही. पण झांज कधी दाबायची, कधी मोकळी सोडायची, हे ज्याला कळतं त्याचा हात आहे तो.

ड्रम रेघेवर नेऊन ठेवण्याची ही पद्धत मेटलमध्ये सर्रास आहे, आणि तिच्याबद्दल मामा बोलले त्यात मला खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही. आवाजाच्या बाबतीतही तेच. २००८ मध्ये मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा तो इतका दाबून, फुगवून मोठा केलेला होता की खुद्द चाहत्यांनी तक्रारी केल्या. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी जास्त मोकळी वाजतात, हे लोकांनी जुळवून दाखवलं. सगळंच मोठं झालं की मोठं असं काही उरत नाही आणि चौथ्या गाण्याला कान शिणतो. पण मामांची कसोटी मान्य केली तरी त्यांचा निष्कर्ष मान्य करावा लागत नाही.

मी : हात ऐकू यायला हवा, बरोबर. पण फक्त हातच ऐकायचा का? ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’चं पहिलं गाणं ‘पॅनिक अ‍ॅटॅक’. सुरुवातीलाच सिंथ गिटारचा सूर. म्हणजे थेट १९८६ चा ‘टर्बो’. पुढेही ‘पेनकिलर’, ‘फायरपॉवर’ यांच्या खुणा भेटत राहतात. उत्तम कारागिरी आहे, पण आपल्याच जुन्या साच्यांवर केलेली.

मामा : साचा त्यांचाच आहे, मग त्यांनी कुणाचा वापरायचा? आणि त्या अल्बममागची माणसं बघ. हॅलफर्ड सत्तरीच्या पुढचा, अजून वरच्या सुरात जातो. ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स आहे, हे २०१८ पासून जगाला माहीत आहे. बोटं ऐकत नाहीत तरी तो गाणी रचण्यात आहे, वाजवतोही जमेल तितकं. रिची फॉकनर २०२१ मध्ये अमेरिकेत, लुईव्हिलला, स्टेजवर ‘पेनकिलर’ वाजवत होता आणि छातीतली महाधमनी फाटली. त्याने गाणं पुरं केलं, मग दवाखाना. ही माणसं तीन वर्षांनी असा अल्बम घेऊन येतात. त्यांना चौथा?

मी : मामा, हे आपण माणसांना नंबर देतोय की अल्बमला? फॉकनर वाचला याचा मला आनंद आहे. पण ज्याला ही हकिगत ठाऊक नाही, त्याच्या कानाला गाणं जसं लागेल तसंच माझ्या यादीत धरलं पाहिजे.

मामा : नाही. ज्याला ठाऊक नाही त्याने ती माहीत करून घ्यावी. भांडं कुणी घडवलं, कशात घडवलं हे विचारून घेणारं गिऱ्हाईक आणि वजनावर घेणारं गिऱ्हाईक, दोघांना एकच भाव कळत नाही.

इथे आमचा खरा मतभेद उघडा पडला. मामांच्या लेखी अल्बम म्हणजे करणाऱ्यांच्या आयुष्यासकट आलेली वस्तू. माझ्या लेखी तो सुटा, स्वतःच्या पायांवर उभा राहायला हवा. मी अजून माझ्या बाजूला आहे. पण मामांच्या बाजूने मेटलचा इतिहास किती उभा राहतो, हे मलाच त्यांना सांगावंसं वाटलं, कारण त्यातला एक भाग सोनगीरच्या माणसाला कुणी सांगायची गरज पडू नये इतका जवळचा आहे.

हे संगीत जन्मलं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला आणि त्याच्या आसपास, धातुकामाच्या पट्ट्यात. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल करून सूर खाली आणला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये तो तीन अर्धस्वर खाली आहे. मेटलचा तो जड, खर्जातला आवाज बऱ्याच अंशी या खाली आणलेल्या तारांचा आहे. जुडास प्रीस्टही त्याच मुलखातला. हॅलफर्ड वॉल्सॉलला, कारखान्यांच्या शेजारात वाढला. टिप्टनने ब्रिटिश स्टील कंपनीत नोकरी केली होती, आणि १९८० मध्ये त्यांच्या अल्बमचं नावच ‘ब्रिटिश स्टील’ पडलं. त्यातल्या ‘मेटल गॉड्स’ या गाण्यात लोखंडी माणसं चालत येण्याचा जो आवाज आहे तो स्वयंपाकघरातले काटे-चमचे भरलेले ट्रे हलवून काढलेला आहे.

मामा : म्हणजे भांड्यांचाच.

मी : भांड्यांचाच. आणि आता तुम्ही मघाशी झांज म्हणालात ना, तिचं सांगतो. ड्रमसेटवरच्या चांगल्या झांजांमध्ये ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के कथील असतं.

मामा : कासं. आमच्यात काशाचं काम वेगळं. तांबं मऊ, त्याला फारसा नाद नाही. कथील पडलं की तो येतो. पण काशाला थंडपणी फार मारून चालत नाही, फुटतं.

मी : म्हणूनच तेही आधी तापवून लाटतात, पाण्यात बुडवतात, आणि मग हातोडीने ठोकतात. झिल्जियन नावाची कंपनी हे १६२३ पासून करते आहे. कॉन्स्टँटिनोपलला सुरू झाली, आता अमेरिकेत आहे. महागड्या झांजांवर हातोडीच्या खुणा असतात, आणि त्या खुणा कशा पडल्या यावर नाद ठरतो.

मामांनी मग मोबाइल सोडून आतला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर जोडले. म्हणाले, अल्सरेट लाव, मला झांज ऐकायची आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंडचे हे तिघे. त्यांचा ड्रमवादक जेमी सेंट मेरॅट हा माझ्या मते आज मेटलमधला सर्वांत विचारी ड्रमवादक आहे. त्याचा वेग अफाट आहे, पण त्या वेगात तो एका झांजेवरून दुसरीवर सरकताना सूर बदलल्यासारखा भास होतो. काठीचं टोक कुठे पडलं, कडेवर की घुमटीवर, हे ऐकू येतं. मामा डोळे मिटून पूर्ण एक गाणं बसले. मग त्यांनी ते पहिल्यापासून लावायला सांगितलं.

मामा : हा तिसरा का? याला तर ओपेथच्या वर घ्यायला हवा.

मी : ओपेथ माझ्या मनात वर आहे तो गोष्टीमुळे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, घरातला कर्ता पुरुष गेलाय आणि वारसांसमोर मृत्युपत्राचं वाचन चाललंय. गाण्यांना नावं नाहीत, मृत्युपत्रातल्यासारखे परिच्छेदांचे क्रमांक आहेत, एक ते सात. आठव्या, शेवटच्या गाण्याला मात्र नाव आहे, आणि आधी वाचलेलं सगळं ते उलटवतं. मिकाएल ऑकरफेल्टने २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर पहिल्यांदाच अल्बमवर घशातला तो गुरगुरता आवाज लावला आहे, आणि तो मेलेल्या बापाचा आवाज म्हणून येतो. वाटणीच्या बैठकीत कधी बसलेल्या माणसाला हा अल्बम कळायला इंग्रजीची गरज नाही.

मामा : वाटणीचं सांगू नको, आमच्या आळीत दोन चुलत्यांची भट्टी त्याच पायी थंड पडली. ते सगळं पोचलं मला. पण मधे मधे तो माणूस इतका चतुर होतो की बापाचं दुःख बाजूला राहतं. बासरी कुणाची ती?

मी : इयन अँडरसन. जेथ्रो टलवाला.

मामा : अरे! तेच ना, ज्यांना ग्रॅमी मिळालं होतं?

मामांची आठवण बरोबर होती. १९८९ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदा पारितोषिक ठेवलं. मेटालिका ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ घेऊन स्पर्धेत होते आणि पारितोषिक गेलं जेथ्रो टलला, ज्यांना कुणी मेटल म्हणत नव्हतं. या घटनेवर आमचा वाद नव्याने पेटला, कारण ती दोघांनाही आपापल्या बाजूची वाटते.

मामा : बघ, घाईत निवाडा केला की असं होतं. म्हणून म्हणतो, वर्ष संपायच्या आत यादी करू नये. ओपेथचा अल्बम नोव्हेंबरच्या बावीस तारखेला आला. महिनाभरात तू त्याला दुसरा नंबर दिलास! निदान एक पावसाळा जाऊ दे त्याच्यावरून.

मी : मी उलटं म्हणेन. तिथे समितीने निवाडा केला, म्हणून तसं झालं. समितीला सगळ्यांची मर्जी राखायची असते. एकट्या माणसाची यादी असेल तर ती चुकली तरी कुणाची चुकली हे कळतं. आणि वाट बघत बसायचं म्हटलं तर १९७० मध्ये ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला तेव्हा ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्जने त्याची पार सालटी काढली होती. त्या वेळी एखाद्या पोराने आपल्या वहीत ‘हा वर्षातला पहिला’ असं लिहून ठेवलं असतं तर त्या पानाची किंमत आज केवढी असती! त्याने पंधरा वर्षांनी, सगळं जग म्हणायला लागल्यावर लिहिलं असतं तर ती नुसती नक्कल झाली असती.

मामा : आणि त्याच पोराने त्या वर्षी दहा भलतेच अल्बम वर लिहिले असते तर?

मी : तर तेही तसंच राहू द्यायचं. खोडायचं नाही.

मामा यावर काही बोलले नाहीत. मला वाटतं, हा मुद्दा त्यांना अर्धाच पटला. तांबट माणूस वाकडं गेलेलं भांडं पुन्हा तापवून सरळ करतो, तसं ठेवून देत नाही.

पाचव्या नंबरावर मात्र ते कडक झाले, आणि मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट बाजूने.

मामा : क्रिप्टोस आपल्याकडचे म्हणून घेतलेस का? तसं असेल तर काढ. पाहुण्याला ताटात वाढावं तसं मेटलमध्ये करू नये.

मी : अजिबात नाही. १९९८ पासून बंगळुरूत ही माणसं एकाच प्रकारचं संगीत वाजवताहेत. दोन गिटार, सरळ धावणारी गाणी, ऐंशीच्या दशकातला घाट. जर्मनीतल्या वाकन महोत्सवात वाजवून आले. ‘डेसिमेटर’ त्यांचा सातवा. त्यात फालतू एक मिनिट नाही. आणि हात म्हणाल तर तो ऐकू येतो.

मामा : मग ठीक. मला भीती होती की तू वर्षाखेरीच्या यादीत एक जागा राखीव ठेवली आहेस. रंगभवनात आम्ही आपल्या पोरांना ऐकायचो ते राखीव म्हणून नाही, ती चांगली वाजवायची म्हणून.

रंगभवनाचं नाव निघालं की मामा थोडे खिन्न होतात. शेजारी रुग्णालय, शेजारी कॉलेज, म्हणून ती जागा शांतता क्षेत्रात धरली गेली आणि २००३ मध्ये तिथल्या मैफली बंद पडल्या. नियम चुकीचा आहे असं मामाही म्हणत नाहीत. आजाऱ्याला झोप हवीच. पण शहराने त्या बदल्यात दुसरी तशी जागा, दक्षिण मुंबईत, स्वस्त, उघड्यावर, द्यायला हवी होती ती दिली नाही, आणि एका पिढीच्या बँडांचं अंगण गेलं. त्यातूनही मुंबईने डेमॉनिक रेझरेक्शन, भयानक मौत, गटस्लिट यांच्यासारखे बँड उभे केले, हे त्या पोरांचं कर्तृत्व आहे. डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला, एकेका अवताराला एकेक गाणं. मामांच्या घरात तो देवघराच्या भिंतीपलीकडे वाजतो आणि मामींची त्याला हरकत नाही.

मामींचा आक्षेप वेगळाच आहे. चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी तो मांडला : शब्द कळत नाहीत, मग गातो कशाला? मी तराण्याचा दाखला दिला. तराण्यात शब्दांना अर्थ नसतो, तरी ते गाणं असतं. मामींनी तो दाखला मान्य केला नाही. त्यांच्या मते तराणा म्हणणाऱ्याचा चेहरा हसरा असतो. पण त्यांनी एक गोष्ट कबूल केली. २६ जुलैच्या रात्री पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात गोजिरा हा फ्रेंच बँड नदीकाठच्या जुन्या तुरुंगाच्या भिंतीवर उभा राहून वाजवत होता, खिडक्याखिडक्यांतून डोकं उडालेल्या राणीच्या आकृत्या, आणि सोबत एक ऑपेरा गायिका. ते त्यांनी टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिलं होतं. मामांना गोजिराला यादीत जागा हवी होती. पण तो अल्बम नव्हता, एक गाणं होतं, म्हणून आम्ही त्यावर वेळ घालवला नाही.

संध्याकाळी मामांनी ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ तिसऱ्यांदा ऐकला, यावेळी मोठ्या स्पीकरवर, सलग, कामाला हात न लावता.

मामा : एक सांगतो. फोनवर मला यात माणूस दिसला नव्हता. इथे दिसला. तो बेस वाजवणारा, पडदे नसलेला बेस आहे ना त्याचा? बोट सरकतं ते ऐकू येतं. ड्रमवाला जिथे निवतो तिथे नुसता थांबत नाही, हात हलका करतो. हे शिकवून येत नाही.

मी : मग पहिला?

मामा : नाही. तिसरा. पहिला प्रीस्ट, दुसरा तुझे ते न्यूझीलंडवाले, तिसरा हा. चौथा क्रिप्टोस. पाचवा ब्रूस डिकिन्सनचा ‘द मँड्रेक प्रोजेक्ट’, तो तू यादीत घेतलाही नाहीस. २००५ नंतर पहिल्यांदा त्याने एकट्याचा अल्बम केला, निदान ऐकून तरी सोडायचा. आणि ओपेथ पावसाळ्यानंतर बघू.

मामांच्या यादीत मला सर्वांत खटकतो तो पहिला नंबर. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ मला आवडतो, पण तो ऐकताना पुढच्या गाण्यात काय येईल याची उत्सुकता मला वाटत नाही, फक्त खात्री वाटते. मामांना हीच खात्री मोलाची वाटते. माझ्या यादीत मी त्यांच्या सांगण्यावरून एकच बदल केला : अल्सरेट दुसरा, ओपेथ तिसरा. झांजा त्या मोठ्या स्पीकरवर ऐकल्यावर दुसरं काही करणं मला शक्य नव्हतं. ब्लड इन्कँटेशन पहिला आणि प्रीस्ट चौथा, हे आहे तिथेच आहेत.

वाचकांना माझी विनंती एवढीच. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ हे दोन्ही अल्बम एका बैठकीत, एकामागून एक ऐका. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, घरात जो मोठ्यात मोठा स्पीकर असेल त्यावर ऐका. दीड-पावणेदोन तास लागतील. मग पहिला नंबर कुणाला ते कागदावर लिहा, शेजारी कारण लिहा, आणि खाली तारीख घाला.